आपल्या गावातली प्लेगची सालं दप्तरात कशी शोधायची (नाशिक जिल्ह्यासाठी)

मृत्यूच्या जुन्या नोंदवहीत फक्त 'प्लेग' हा शब्द शोधत बसलात, तर पुष्कळ माणसं हातून निसटतील. मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये साथ उघडकीला आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला आणि त्यामागोमाग घरझडत्या, रोग्याला सक्तीने वेगळं ठेवणं, अंथरूण-पांघरूण जाळणं सुरू झालं. रोगाइतकीच या झडतीची धास्ती होती, त्यामुळे घरात गाठीचा (म्हणजे जांघेत किंवा काखेत गाठ येणाऱ्या प्लेगचा) रोगी असला तरी लोक 'ताप आला' एवढंच सांगत. पुढे सक्ती सैलावली आणि नोंदी जरा खऱ्या होऊ लागल्या. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत 'ताप' हा रकाना 'प्लेग'च्या रकान्याइतकाच बारकाईने वाचावा लागतो. काही कागदांत 'गाठीचा ताप' किंवा 'ग्रंथिक सन्निपात' असंही लिहिलेलं सापडतं. ते प्लेगच समजा.

दप्तराकडे जाण्याआधी घरातल्या जुन्या माणसांना विचारून घ्या. 'प्लेग कधी आला होता' असं विचारून फारसं काही मिळत नाही. गाठ कुठे आली होती, जांघेत की काखेत? आधी उंदीर मरून पडले होते का? गाव सोडून रानात झोपड्या घातल्या होत्या का, आणि परत कधी आले? थंडी होती की उन्हाळा? ही विचारपूस गरजेची आहे, कारण घराघरांत 'प्लेगात गेले' असं सांगितलं जातं तेव्हा पुष्कळदा खरी साथ १९१८ च्या मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची असते. मानमोडीत खोकला आणि धाप असे, गाठ नसे. मृत्यू सप्टेंबर ते नोव्हेंबर १९१८ या थोड्या काळात दाटलेले दिसतात आणि त्यांत विशी ते चाळिशीतली धडधाकट माणसं जास्त असतात. एप्रिल-मे-जूनमध्ये एकदम मृत्यू वाढले असतील तर आधी पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा संशय घ्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, आणि कडक, कोरड्या उन्हाळ्यात त्या टिकत नाहीत, म्हणून आपल्याकडे प्लेगचा जोर पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० ही दुष्काळाचीही सालं आहेत, त्यामुळे तेव्हाचा प्रत्येक जादा मृत्यू प्लेगच्या खात्यावर टाकू नका.

मुख्य कागद म्हणजे जन्म-मृत्यू नोंदवही, गाव नमुना १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात. ती तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असते. नकलेसाठी साधा अर्ज आणि कोर्ट फी तिकीट लागतं. अर्जात गाव, तालुका, नोंदवहीचा प्रकार आणि सालं स्पष्ट लिहा, आणि फक्त १८९७ मागू नका. १८९० ते १९२० एवढा पट्टा मागा. साथीआधीची वर्षं हाती नसतील तर साथीतला आकडा मोठा की लहान हे कळायचं कसं? कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ पासून ही दप्तरं मोठ्या प्रमाणावर तपासली आणि स्कॅन केली गेली, म्हणून मूळ वही मागण्याआधी स्कॅन आहे का ते विचारा. देवळा आणि त्र्यंबकेश्वर हे तालुके बरेच नंतर झाले. तिथल्या गावांची जुनी वही पूर्वीच्या तालुक्याच्या ठिकाणी असू शकते. 'वही नाही' असं उत्तर मिळण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

नोंदी मोडीत असतील तर घाबरू नका. आधी आकडे आणि महिने ओळखायला शिका, ते लवकर जमतं. मग नावांची ठेवण ध्यानात घ्या: 'रामा बिन सखाराम' म्हणजे सखारामचा मुलगा रामा, 'गंगा कोम रामा' म्हणजे रामाची बायको गंगा. 'कोम' नवरा वारल्यावरही तसंच लिहिलं जाई, त्यावरून नवरा हयात होता असं धरू नका. प्रत्येक ओळ पूर्ण उतरवा: तारीख, नाव, वय, कारण आणि पानाचा क्रमांक. आपल्या आडनावाच्या तेवढ्याच नोंदी उतरवून घेतल्या तर गावाचं चित्र कधीच तयार होत नाही.

तारखांत सगळ्यांत जास्त चुका होतात. शकाचं साल इसवी सनात आणताना चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८ मिळवायचे आणि माघ-फाल्गुनात ७९. पौष डिसेंबर-जानेवारीवर पडतो, म्हणून तिथे पंचांग पाहूनच साल ठरवा. शके १८२० चा चैत्र १८९८ मध्ये येतो, पण त्याच शकाचा माघ १८९९ मध्ये. नेमके प्लेगच्या मोसमाचे महिने या सांध्यावर येतात, त्यामुळे एका वर्षाची चूक झाली तर साथ भलत्याच हिवाळ्यात जाऊन पडते. फसली साल, म्हणजे महसुलाचं साल, मृगाला बदलतं. त्यात ५९० मिळवले की ते ज्या सनात सुरू झालं तो सन येतो. फसली १३०८ म्हणजे जून १८९८ ते जून १८९९.

आता मोजणी. वहीच्या कागदावर बारा महिन्यांचे रकाने आखा, खाली वर्षं मांडा आणि प्रत्येक घरात त्या महिन्यातले एकूण मृत्यू लिहा. 'ताप'ची संख्या त्याच घरात वेगळ्या शाईने लिहा. दुष्काळाची वर्षं सोडून पाच साध्या वर्षांची महिन्यागणिक सरासरी काढा. समजा गावात नोव्हेंबरात एरवी तीन मृत्यू होत, आणि एका नोव्हेंबरात एकवीस दिसले. त्यांत 'प्लेग' फक्त चार आणि 'ताप' चौदा. मग उरलेल्या तापाच्या नोंदींत लपवलेला प्लेग असण्याची दाट शक्यता आहे. एकाच घरातले मृत्यू काही दिवसांच्या अंतराने लागोपाठ असतील तर ती आणखी बळावते. याउलट ऐन साथीत वही अचानक कोरी दिसली तर गाव वाचलं असं समजू नका. गाव उठून माळावर गेलेलं असू शकतं, किंवा नोंद करणाराच आजारी पडलेला.

माणसं पळाली की नोंदही त्यांच्याबरोबर दुसरीकडे जाते. भगूरच्या सावरकर कुटुंबाचं उदाहरण सर्वज्ञात आहे. १८९९ मध्ये विनायक दामोदर सावरकरांचे वडील दामोदरपंत भगूरला प्लेगने गेले. पुढे विनायकरावांचा धाकटा भाऊ नारायण आणि थोरले भाऊ बाबाराव यांनाही प्लेग झाला, उपचार नाशिकला झाले आणि दोघे वाचले. अशा घराचा शोध एका गावाच्या वहीत पुरा होत नाही, आणि जे वाचले ते मृत्यूच्या वहीत येतच नाहीत. म्हणून आजोळ, सासर, जवळचं मोठं गाव, आणि मनमाड-इगतपुरीसारखी रेल्वेची ठिकाणं, इथल्या वह्याही पाहाव्यात.

समाजावर झालेला परिणाम खरा दिसतो तो जमिनीच्या कागदांत. हक्कनोंद आणि फेरफार वीसाव्या शतकातले असले तरी साथीत मेलेल्यांचे वारस त्यांतच पुढे येतात. अल्पवयीन मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' आणि त्यापुढे आई, चुलता किंवा मामा यांचं नाव दिसलं की थांबा. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वडील नसलेल्या मुलाची जमीन ज्याच्या देखरेखीखाली होती तो. मूल सज्ञान झाल्यावर जमीन त्याच्याच नावावर राहिली की पालकाच्या किंवा सावकाराच्या नावावर गेली, ते पुढच्या फेरफारांत तपासा. अनाथ मुलांचं आणि विधवांचं पुढे काय झालं, हे इतकं नेमकं दुसऱ्या कुठल्याच कागदात मिळत नाही. हे काम वेळखाऊ आहे, पण ते टाळू नका.

रामकुंडावरच्या आणि त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या, म्हणजे येणाऱ्या यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदवह्या, फार उपयोगी आहेत. मूळ गाव, आडनाव, जात आणि आजोबा-पणजोबांची नावं घेऊन जा. एक सावधगिरी: तिथली तारीख यात्रेकरू आल्याची असते, मृत्यूची नव्हे. अस्थी घेऊन माणूस वर्षभरानेही आलेला असतो.

बाकीचं थोडक्यात. नाशिकचं इंग्रजी गॅझेटियर १८८३ चं आहे, प्लेगच्या आधीचं, त्यात साथ शोधू नका. गावाची मूळ वस्ती समजायला मात्र ते उत्तम. सरकारी पत्रव्यवहार मुंबईत पुराभिलेखागारात, सामान्य विभागाच्या प्लेगविषयक खंडांत आहे. ख्रिस्ती कुटुंबांसाठी चर्चच्या दफन नोंदवह्या पाहा. गावच्या मरीआईच्या ठाण्यावरून साथीचं साल ठरवू नका, ही ठाणी पटकीच्या काळापासूनची, पुष्कळदा त्याहून जुनी असतात.

शेवटी जे लिहाल त्यात तीन प्रकार वेगळे ठेवा: 'नोंदीत प्लेग', 'नोंदीत ताप, प्लेगचा संशय' आणि 'फक्त घरची आठवण'. प्रत्येक ओळीपुढे यांपैकी एक खूण हवीच. कोतवाल बुकात जातही लिहिलेली असते, त्यामुळे इतर घरांच्या नोंदींचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. महिन्यागणिक आकड्यांचा तक्ता मात्र ग्रामपंचायतीला आणि शाळेला द्या, त्यात कुणाचं नाव नसतं.