रेडिएटर बदलताय? कॅटलॉग उघडायच्या आधी या चुका टाळा

इंग्लंडमधल्या रेडिंगमधलं आमचं घर १९३० च्या दशकातलं. सेमी-डिटॅच्ड, पुढे बे विंडो, आणि त्या खिडकीखाली बॉयलरच्या गरम पाण्याने खोली तापवणारा, पिवळट पडलेला जुना रेडिएटर. त्याच्या खालच्या कडेला गंजाचा फोड आला, एक दिवस त्यातून गालिच्यावर काळं पाणी टपकलं आणि नवा घ्यायचं ठरलं. मी तीन संध्याकाळी नुसते फोटो बघत बसले. शेवटी पसंत पडला तो काळपट राखाडी रंगाचा, नवऱ्याच्या डोक्याच्याही वर जाणारा उभा रेडिएटर. विकणाऱ्याच्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं ५,२०० बीटीयू, म्हणजे तासाला किती उष्णता देतो त्याचं माप. त्याच पानावरच्या हिशोबात खोलीची मापं घातली तर गरज ४,५०० ची दिसली. म्हटलं, चांगला वरकड आहे.

डिसेंबरात बाहेर शून्य अंश असताना ती खोली १७ च्या वर जाईना. रेडिएटर हाताला छान गरम, पाय मात्र गार. ज्या प्लंबरला बोलावलं त्याने रेडिएटरला हातही लावला नाही. त्याने एकच प्रश्न विचारला, ‘बॉयलर किती डिग्रीवर चालवता?’

आमचा ६० वर होता. २०२२ च्या हिवाळ्यात गॅसचं बिल चढलं तेव्हा कॉम्बी बॉयलरचं (टाकीत न साठवता लागेल तेव्हा पाणी तापवणाऱ्या बॉयलरचं) हीटिंगचं पाणी ६० वर आणा असं सरकारपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळेच सांगत होते, आणि ते बरोबरच होतं. परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असलं की धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि त्यातली उष्णता कंडेन्सिंग बॉयलरला मिळते, गॅस कमी लागतो. (घरात गरम पाण्याचं सिलिंडर असेल तर ही गोष्ट आपल्या आपण करू नका. साठवलेलं पाणी जंतू मरावेत म्हणून ६० अंशांपर्यंत तापावं लागतं.) फक्त रेडिएटर निवडताना हे ६० मी हिशोबात धरलं नव्हतं.

आकडा कुठल्या पाण्याचा, हे न विचारणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, म्हणून हिच्यावर जरा थांबते.

रेडिएटर किती उष्णता देईल हे त्याच्या आकाराइतकंच आतलं पाणी खोलीपेक्षा किती गरम आहे यावर ठरतं. या फरकाला डेल्टा टी म्हणतात. युरोपात चाचणीचा ठराव असा: पाणी ७५ ला आत जातं, ६५ ला बाहेर येतं, खोली २० ला. म्हणजे सरासरी पाणी ७०, फरक ५०. कागदावर ‘डेल्टा टी ५०’ लिहिलेलं असतं ते हे. काही विक्रेते अजून डेल्टा टी ६० चा आकडा ठळक छापतात, कारण तो मोठा दिसतो. माझे ५,२०० बीटीयू तसलेच होते. डेल्टा टी ६० हे अक्षर तळाशी, मुंगीएवढं.

आता हिशोब बघा. डेल्टा टी ६० चा आकडा ५० वर आणायला साधारण ०.७९ ने गुणायचं. ५,२०० चे ४,१०० झाले. ३,४१२ बीटीयू म्हणजे एक किलोवॉट, तेव्हा हे झाले १,२०० वॉट. आमचं पाणी ६० ला जाऊन ५० ला परत येत होतं, म्हणजे सरासरी ५५, खोली २०, फरक ३५. डेल्टा टी ३५ ला रेडिएटर ५० च्या तुलनेत ६३ टक्केच देतो. हाती उरले ७५५ वॉट. ज्याला मी दीड किलोवॉटचा समजत होते तो निम्म्याने काम करत होता.

उष्मापंप, म्हणजे हीट पंप (बाहेरची उष्णता घरात आणणारं विजेचं यंत्र) घ्यायचा विचार असेल तर हाच हिशोब आणखी बोचतो. पाणी ४५ ला पाठवून ४० ला परत घेतलं तर फरक २२-२३ चा राहतो आणि रेडिएटर लेबलावरच्या आकड्याच्या जेमतेम एक तृतीयांश देतो. इंग्लंडमध्ये जून २०२२ पासून नियमच आहे की गरम पाण्याने घर तापवणारी संपूर्ण यंत्रणा नवी बसवताना ती ५५ किंवा त्याहून कमी अंशांच्या पाण्यावर पुरेल अशी आखायची. एकटा रेडिएटर बदलताना हा नियम तुम्हाला लागू होत नाही. तरी वीस वर्षं टिकणारी वस्तू घेताना तिचा मोठा आकार घ्यायला हरकत कसली? मोठा रेडिएटर गॅस जास्त खातो हा समज खोटा आहे. खोली किती उष्णता गमावते तेवढाच गॅस जळतो, आणि मोठ्या रेडिएटरवर तीच उष्णता कोमट पाण्याने देता येते.

खोलीची गरज ढोबळ मापाने काढणं

‘एवढ्या घनफुटाला एवढे बीटीयू’ हे सूत्र नव्या फ्लॅटला आणि शंभर वर्षांच्या घराला एकच उत्तर देतं, म्हणून ते उपयोगाचं नाही. खरा हिशोब पाचवीतल्या मुलीला जमेल इतका सोपा आहे. प्रत्येक बाहेरची बाजू घ्या: क्षेत्रफळ गुणिले यू-मूल्य (एका अंशाच्या फरकाला दर चौरस मीटरमधून किती वॉट गळतात तो आकडा) गुणिले आतबाहेरच्या तापमानाचा फरक. हवेसाठी खोलीचं घनमान गुणिले तासाला हवा किती वेळा बदलते तो आकडा गुणिले ०.३३ गुणिले तोच फरक.

आमची खोली ४.२ बाय ३.६ मीटर, उंची २.५. आत २१ हवं, बाहेर उणे २ धरलं, फरक २३. खिडकी ३ चौरस मीटर, जुनं डबल ग्लेझिंग, यू २.८: १९३ वॉट. बाहेरची भिंत ८ चौरस मीटर, आत इन्सुलेशन नाही, यू १.५: २७६. खालची लाकडी जमीन १५ चौरस मीटर, यू ०.७: २४१. आणि हवा, जुन्या घरात फटी असतातच, तासाला दीड वेळा धरली तर ४३०. बेरीज ११४० वॉट. सगळ्यात मोठी गळती हवेची आहे हे मला या कागदावर कळलं, आणि हवा अडवायला चिमणीत फुगा बसवणं व दाराखाली ब्रश लावणं हे रेडिएटरच्या आधी केलं असतं तर बरं झालं असतं असं वाटलं.

हवे होते ११४०, मिळत होते ७५५. म्हणून १७ अंश.

‘जुन्याच मापाचा द्या’ म्हणणं

जुना ६०० बाय १००० चा होता म्हणून नवाही तसाच, हे ऐकायला ठीक. पण एकाच मापात टाइप ११, २१, २२, ३३ असे प्रकार मिळतात. पहिला अंक पॅनल किती हे सांगतो, दुसरा आतल्या पन्हाळी पत्र्यांच्या रांगा किती ते. ६०० बाय १००० चा टाइप ११ डेल्टा टी ५० ला साधारण हजार वॉट देतो, टाइप २२ सतराशेच्या आसपास. जाडी मात्र सहा सेंटीमीटरवरून दहावर जाते, आणि टाइप ३३ ची सोळा होते. बोळात टाइप ३३ लावला तर खरेदीच्या पिशव्या रोज त्याला घासणार. जुन्या रेडिएटरला पाठीमागे पन्हाळी पत्रे नसतील, तर त्याच मापाचा टाइप २२ त्याच्या कितीतरी पुढे असतो. शेवटी आम्ही तो उभा विकून खिडकीखाली टाइप २२, ६०० बाय १२०० घेतला. डेल्टा टी ३५ ला साधारण १३०० वॉट. दिसायला अगदीच दवाखान्यातला, पण खोली २१ वर जाते.

त्यात एक फायदा अनपेक्षित निघाला. उभ्या रेडिएटरवर दह्याचा वाडगा ठेवायला जागा नव्हती. आता वरच्या जाळीवर कापडात गुंडाळून ठेवते आणि सकाळपर्यंत दही वड्या पडतील असं घट्ट लागतं.

पाइपचं अंतर न मोजणं

रेडिएटरची लांबी मोजून भागत नाही. दोन पाइपांच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजा. जुने रेडिएटर इंचांचे: ३६ इंच म्हणजे ९१४ मिलिमीटर, तर आजचा जवळचा ९०० चा. चौदा मिलिमीटरचा फरक लांब नळीचा एक्स्टेन्शन तुकडा लावून भागतो. नवा लांब असेल तर मात्र पाइप हलवावेच लागतात, आणि पाइप काँक्रीटच्या फरशीतून आले असतील तर ते एक बोटही हलत नाहीत. काही घरांत आठ किंवा दहा मिलिमीटरचे बारीक पाइप असतात. त्यावर भलामोठा रेडिएटर टांगला तरी पाणी तितकं पोचत नाही. हे प्लंबरला आधीच दाखवा.

उभ्या रेडिएटरांची आणखी एक गंमत. अनेकांच्या आत पाणी वर चढवणारी आडभिंत असते, आणि कुठल्या बाजूने पाणी आत यायचं हे ठरलेलं असतं. उलट जोडलात तर निम्मा गरम आणि निम्मा गार राहतो. त्याला कितीही वेळा हवा काढली तरी काही होत नाही.

वजनाचंही बघा. भिंतीवर नुसतं प्लास्टरबोर्ड असेल तर पाण्याने भरलेला टाइप २२ स्क्रूच्या साध्या प्लास्टिक प्लगवर टांगू नका. कधीतरी एखादं पोर त्यावर चढतंच. बीडाचे, म्हणजे कास्ट आयर्नचे खांबी रेडिएटर हवेत तर आधी जमिनीच्या लाकडाची ताकद तपासून घ्या. ते हळू तापतात, हळू निवतात. दिवसभर कुणी घरी असेल तर छान, सकाळी तासभर चालवायचं असेल तर वैताग.

न्हाणीघरातला चकचकीत दांडा

क्रोमचा टॉवेल रेडिएटर सुंदर दिसतो आणि त्याच मापाच्या पांढऱ्यापेक्षा कमी उष्णता देतो. त्यावर दोन ओले टॉवेल टाकले की उरलेलीही झाकली. न्हाणीघराला २२ अंश हवे असतात, तेव्हा पांढराच निवडा आणि त्याचे दांडे उघडे ठेवा. आपल्याकडचे लोक आणखी एक करतात, मीही केलंय: सगळ्या घराचे कपडे रेडिएटरवर वाळवायचे. खोली तापत नाही, भिंतींवर ओल येते, आणि मार्चमध्ये कपाटामागे काळी बुरशी सापडते.

बे विंडोला जमिनीपर्यंतचे पडदे असतील तर रात्री बरीच उष्णता पडद्यामागे काचेला जाते. पडदे रेडिएटरच्या वरच्या कडेपर्यंतच ठेवा.

बसवल्यावर गार का?

नवा रेडिएटर बसवला आणि काहीतरी बिनसलं तर घाबरून प्लंबरला फोन करण्याआधी हात फिरवून बघा.

वरचा भाग गार, खालचा गरम: आत हवा आहे. किल्लीने हळूच सोडा, फडकं धरा, सुसकारा थांबून पाणी आलं की बंद. मग बॉयलरवरचा दाब बघा. थंड असताना एक ते दीड बार हवा. हवा काढली की तो खाली येतो आणि फार उतरला तर बॉयलर बंद पडतो. दोष नव्या रेडिएटरला दिला जातो.

खालचा मध्यभाग गार: गाळ. नव्या रेडिएटरमध्ये हे झालं तर यंत्रणेतला जुना काळा गाळ वाहत येऊन त्यात बसलाय. नवा जोडायच्या आधी यंत्रणा धुवायची, मग गंजरोधक औषध, म्हणजे इन्हिबिटर घालायचं, आणि परतीच्या पाइपवर चुंबकी गाळणी बसवायची. नवा रेडिएटर अॅल्युमिनियमचा असेल तर औषध त्याला चालतं का ते बाटलीवर वाचा.

सगळा रेडिएटर गार, शेजारचे गरम: एका टोकाचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह, म्हणजे किती पाणी जाऊ द्यायचं हे ठरवणारा झाकणाखालचा व्हॉल्व्ह, बहुधा बंद राहिलाय. काढताना तो बंद करायला किती वळसे लागले ते भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवा, परत तेवढेच उघडा. मी लिहिलं नव्हतं. मग जवळचे रेडिएटर थोडे आवळून, लांबचे मोकळे सोडून सगळ्या घराचं संतुलन पुन्हा करण्यात एक रविवार गेला.

एक गोष्ट गडबडीत विसरायला होते. भिंतीवरचा थर्मोस्टॅट ज्या खोलीत आहे तिथल्या रेडिएटरवर टीआरव्ही, म्हणजे खोली तापली की आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह, बसवलात आणि तो ३ वर ठेवलात, तर खोली टीआरव्हीच्या मापाने थांबते, थर्मोस्टॅटला हवं ते तापमान येत नाही आणि बॉयलर जळतच राहतो. तिथे एकतर साधा व्हॉल्व्ह ठेवा किंवा टीआरव्ही पूर्ण उघडा.

आणि ऑक्टोबरात, सहा महिन्यांनी पहिल्यांदा हीटिंग लावलं आणि टीआरव्हीवाला एकच रेडिएटर गार राहिला, तर त्याचं प्लास्टिकचं डोकं फिरवून काढा. आत छोटी पिन दिसेल, ती उन्हाळ्यात दबलेली अडकलेली असते. चमच्याच्या पाठीने अलगद दाबा, सोडा, वरखाली होऊ लागली की डोकं परत लावा. पिन पक्कडीने ओढायची नाही. ती हातात आली तर मागोमाग पाणीही येतं.