हातमागाची सतरंजी: घेताना आणि वापरताना या चुका टाळा

हातमागाच्या सतरंजीबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. फरशीवर घसरते, कोपरे वर येतात, पहिल्याच धुण्यात रंग गेला, पावसाळ्यात कुबट वास मारते. मग माल वाईट होता म्हणून विणकराच्या नावाने खडे फोडले जातात. खरं तर यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ आपल्याकडेच असतं. सतरंजीला आपण पातळ गालिचा समजतो आणि गालिच्यासारखीच ती निवडतो, अंथरतो, धुतो.

गालिच्यात उभ्या धाग्यांना गाठी मारून वर लोकरीची लव उभी केलेली असते. सतरंजीत गाठ नाही आणि लवही नाही. ताणा म्हणजे उभे धागे पूर्ण झाकले जातील इतका बाणा म्हणजे आडवा धागा घट्ट ठोकून बसवायचा, एवढंच. जोधपूरजवळच्या सालावासमध्ये किंवा पंजाब-हरियाणातल्या घरगुती मागांवर हे ठोकणं दातेरी लोखंडी पंजाने होतं. ही वीण टिकते ती फक्त धाग्यांच्या ताणावर. लव नसल्याने धूळ लपत नाही, दोन्ही बाजू वापरता येतात, घडी करून कपाटात ठेवता येते. पण त्याच कारणाने तिला स्वतःचं फारसं वजन नाही, सांडलेलं थेट धाग्यात उतरतं आणि खालच्या फरशीचा ओलावा ती लगेच ओढून घेते. पुढच्या सगळ्या चुका इथूनच निघतात.

‘हँडमेड’ एवढंच वाचून पैसे देणं

दुकानात ‘हँडमेड’ लिहिलेली प्रत्येक वस्तू मागावर विणलेली नसते. ‘हँड-टफ्टेड’ प्रकारात कापडावर बंदुकीसारख्या यंत्राने धागे ठासून मागून रबरी डिंक आणि कापड चिकटवतात. ते काही वर्षांनी कोरडं पडून भुकटी गळायला लागतं. त्यामुळे आधी वस्तू उलटी करून पाहा. मागे चिकटवलेलं कापड दिसलं तर ती सतरंजी नाही. नक्षी एका बाजूला ठळक आणि दुसऱ्या बाजूला फिकट असेल तर ती छापलेली आहे. विणलेली नक्षी दोन्हीकडे सारखीच उठते. टोकांच्या दशा नीट बघा. खऱ्या सतरंजीत दशा म्हणजे ताण्याचेच उरलेले धागे असतात, आतून बाहेर आलेले. वेगळी झालर शिवून लावली असेल तर ती शिवण हाताला लगेच लागते.

भारतीय हातमागाच्या मालासाठी 2006 पासून ‘हँडलूम मार्क’ ही सरकारी खूण आहे. निर्यातीच्या मालावर ‘गुडवीव्ह’चं लेबल असेल तर तो बालमजुरीविना बनल्याची ती खूण आहे. हीच संस्था 1994 मध्ये ‘रगमार्क’ नावाने सुरू झाली होती. कर्नाटकातल्या नवलगुंदच्या, तेलंगणातल्या वारंगळच्या सतरंज्यांना आणि तमिळनाडूतल्या भवानीच्या जमक्काळम नावाच्या सतरंजीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. या गावांच्या नावाने माल घेत असाल तर ते मानांकन आहे का, असं दुकानदाराला सरळ विचारा. त्यात संकोच कसला?

सूत कशाचं आहे हे मात्र तोंडी सांगण्यावर सोडू नका. दशीतला सुटा धागा विचारून घ्या आणि बाहेर नेऊन जाळून पाहा. सुती धागा भुरूभुरू जळतो आणि मऊ राख उरते. लोकरीला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. ‘बांबू सिल्क’, ‘आर्ट सिल्क’ या नावांखाली बहुधा व्हिस्कोज, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेलं कृत्रिम सूत असतं. ते चमकतं छान, पण ओलं झालं की धागा कमजोर पडतो आणि पाण्याचे पिवळट डाग राहतात. बसण्या-उठण्याच्या जागी व्हिस्कोज घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि एक गोष्ट: दोन टोकांच्या रुंदीत बोटभर फरक, एखादी रंगाची छटा मध्येच बदललेली, हे दोष नव्हेत. किलिम या प्रकारच्या वीणीत दोन रंग जिथे उभ्या रेषेत भेटतात तिथे बारीक फट असते. तीही वीणच आहे, फाटणं नव्हे. मात्र लहान मुलं किंवा मांजर घरात असेल तर रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणलेली, फट नसलेली सतरंजी बरी.

हवा न बघता सूत निवडणं

मुंबई, कोकण, गोवा इथे ज्यूट घेऊ नका. दिसायला सुंदर असतं, पण दमट हवेत त्याला बुरशी धरते, पाणी सांडलं की तपकिरी डाग पडतो आणि धुता तर येतच नाही. लोकरीचं वेगळंच आहे. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतकी वाफ शोषूनही हाताला ओली लागत नाही. म्हणजे जुलैत तुम्हाला कोरडी वाटणारी लोकरी सतरंजी आतून दमट असते. तिला कसर लागते ती अशाच वेळी, सोफ्याखालच्या अंधाऱ्या भागात. किनारपट्टीवर सुती सतरंजीच घ्यावी. नागपूर-छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत लोकरीची छान राहते आणि थंडीत पायाला ऊबही देते.

ओल्या फरशीवर अंथरणं

आपल्या घरांमध्ये सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच आहे, आणि तिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. रोज लादी पुसली जाते. पुसणारी व्यक्ती सतरंजीचा एक काठ उचलते, खालून फडकं फिरवते आणि काठ तसाच खाली सोडते. फरशी वरून कोरडी होते, सतरंजीखाली मात्र ओल कोंडून राहते. महिनोन् महिने रोज हेच होतं. मग काठाचा सुती ताणा काळपट पडतो, बोटाने ओढला तरी तुटतो आणि दशा झडायला लागतात. फरशी पुसण्याच्या पाण्यात फिनेल असेल तर फिक्या रंगाच्या काठावर पिवळी रेघही उमटते.

उपाय कष्टाचा नाही. लादी पुसताना सतरंजी पूर्ण उचलून खुर्चीवर टाकायची आणि पंखा लावून फरशी वाळली की पुन्हा अंथरायची. मोठी सतरंजी रोज उचलणं जमत नसेल तर तिच्याभोवतीच पुसा आणि आठवड्यातून एकदा ती पूर्ण काढा. कामाला येणाऱ्या ताईंना एकदा काठ उलटून ती काळी पडलेली जागा दाखवा. मग पुन्हा सांगावं लागत नाही. जुन्या तळमजल्यावरच्या घरांत पावसाळ्यात शहाबादी फरशीच ओल सोडते. तिथे जून ते सप्टेंबर सतरंजी गुंडाळून वर ठेवलेली चांगली.

घसरण्याकडे दुर्लक्ष

व्हिट्रिफाइड टाइलवर सुती सतरंजी सरकते. घरात आजी-आजोबा असतील तर हा गंभीर प्रश्न आहे. खाली जाळीदार अस्तर हवंच, आणि ते सतरंजीपेक्षा चारही बाजूंनी इंचभर लहान कापलेलं हवं, नाहीतर कडेला उंचवटा येऊन पाय अडकतो. स्वस्त पीव्हीसी फोमचं अस्तर टाळा. ते उन्हाळ्यात चिकट होतं आणि पॉलिश केलेल्या फरशीवर डाग सोडतं. नैसर्गिक रबराचं किंवा फेल्ट-रबराचं घ्या. बाथरूमच्या दारासमोर आणि पलंगावरून पाय खाली टेकतो तिथे लहान, सुटी सतरंजी अजिबात टाकू नका, अस्तर असलं तरीही.

मापात कंजूषी

मोठ्या हॉलच्या मधोमध चार बाय सहाची सतरंजी वाळत घातलेल्या टॉवेलासारखी दिसते. आधी जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून माप ठरवा. सोफ्याचे निदान पुढचे पाय तरी सतरंजीवर यावेत. त्याने ती सरकतेही कमी. जेवणाच्या टेबलाखाली हवी असेल तर टेबलाच्या चारही बाजूंनी दोन फूट जास्त लागते, नाहीतर खुर्ची मागे घेताना काठ गोळा होतो. पण वरण-भात, रस्सा, ताक रोज सांडू शकतं अशा घरात टेबलाखाली सतरंजी घालूच नये.

हळदीच्या डागावर साबण चोळणं

भाजीचा डाग पडला, धावत जाऊन कपड्याचा साबण चोळला आणि पिवळा डाग लालभडक झाला, हे अनेकींनी पाहिलं असेल. हळदीतलं कर्क्युमिन हे रंगद्रव्य साबणासारख्या अल्कलीत लाल होतं. घाबरू नका. पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून टिपलं की तो पुन्हा पिवळा होतो. मूळ डागासाठी आधी चमच्याने वरचं उचलून घ्या, कोरड्या फडक्याने टिपा, मग बेसन किंवा टाल्कम पावडर तासभर दाबून ठेवा म्हणजे तेल त्यात उतरेल. ती झटकून सौम्य द्रव साबण गार पाण्यात मिसळून टिपत राहा. चोळलं की डाग धाग्यात आत जातो आणि वीण सरकते. उरलेला पिवळेपणा काही तास उन्हात ठेवल्यावर फिकट होतो, कारण कर्क्युमिन उन्हात टिकत नाही. बाकीचा भाग मात्र चादरीने झाका, नाहीतर सतरंजीचाही रंग उडेल.

धुण्याची घाई

पहिल्या धुण्याआधी सर्वांत गडद रंगावर ओला पांढरा रुमाल दहा वेळा घासा. रुमालाला लाल किंवा निळा रंग लागला तर ती घरी धुऊ नका. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने कच्चा रंग पक्का होत नाही. फार तर त्या धुण्यापुरता थोडा कमी सुटतो.

सुती ताणा आणि लोकरी बाणा असलेली सतरंजी तर कधीच वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. दोन्ही सुतं वेगवेगळी आकसतात आणि मधोमध कायमचा झोळ येतो. पूर्ण सुती, पक्क्या रंगाची आणि लहान असेल तर गार पाण्यात हाताने धुवा. पिळू नका. एका दोरीवर टांगली तर ओल्या वजनाने ती लांबते आणि मधे दुमड राहते. गच्चीतल्या कठड्यावर किंवा दोन खुर्च्यांवर पसरून, सावलीत, दोन्ही बाजूंनी वाळवा.

एरवी धुण्याची गरज फार कमी पडते. आठवड्यातून एकदा बाहेर नेऊन झटकायची आणि मग व्हॅक्यूम फिरवायचा, तोही फिरता ब्रश बंद करून. दशांवर व्हॅक्यूम नकोच. रोबोट व्हॅक्यूम असेल तर दशा खाली दुमडून ठेवा.

कोपरे आणि सुटे धागे

कोपरे वर आले तर सतरंजी उलटी टाका. दोन्ही बाजू सारख्या असल्याचा हाच फायदा. तरीही वळत असतील तर सुती सतरंजीच्या कोपऱ्यावर हलका पाण्याचा शिडकावा मारा, वर स्वच्छ फडकं आणि जाड पुस्तकं ठेवा, आणि पूर्ण वाळेपर्यंत हलवू नका.

वर आलेला धाग्याचा फास कात्रीने कापू नका. बाणा तुटला की शेजारची ओळही सैल होते. बोथट सुईने तो धागा दोन्ही बाजूंना थोडा थोडा सरकवत वीणीत परत घाला. दशांची गाठ सुटली असेल तर त्याच दिवशी बांधा, कारण तिथून बाणा बाहेर घसरायला लागतो. काठ उसवला असेल तर चांगला रफूगार तो जाड सुती धाग्याने पुन्हा बांधून देतो. बाकी सतरंजी धड असताना टाकून देण्याआधी त्याला एकदा जरूर दाखवा.