डिझेल व्हॅनच्या मीटरवर कुठली लाईट लागली की काय करायचं

ट्रॅव्हलर म्हणा, विंगर म्हणा, शाळेची व्हॅन म्हणा नाहीतर भाजीचा पिकअप, मीटरवर लाईट लागली की वाक्य ठरलेलं असतं, "गाडी चालतेय ना, मग बघू रविवारी." अहो, ऑइल प्रेशर पार गेलं तरी डिझेल इंजिन थोडा वेळ चालतंच, आणि त्या थोड्या वेळातच क्रँकची बेअरिंगं जातात. म्हणून कुठल्या लाईटला गाडी तिथल्या तिथे बाजूला घ्यायची आणि कुठल्या लाईटला निवांत घरी जाऊन गॅरेजला फोन करायचा, हे स्टेअरिंगवर बसणाऱ्याला पाठ पाहिजे. लाल म्हणजे थांब, पिवळी म्हणजे लक्ष दे, हिरवी-निळी म्हणजे नुसती माहिती, हे सगळ्यांना माहिती असतं. खरा घोळ त्याच्या पुढे आहे.

आधी एक सोपी टेस्ट, रोज सकाळी करा. चावी ऑन करायची पण सेल्फ मारायचा नाही. मीटरवर ऑइल, बॅटरी, चेक इंजिन, एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू व्हायला आतून गरम करणारा) या सगळ्या लाईट लागल्या पाहिजेत. एबीएसची काही सेकंदात विझते (काही गाड्यांत थोडं चालवल्यावर), ऑइल आणि बॅटरीची इंजिन सुरू झाल्यावर विझते. एखादी लाईट चावी ऑनला लागतच नसेल तर खुश होऊ नका, एकतर बल्ब गेलाय किंवा कोणीतरी मुद्दाम काढलाय. सेकंडहँड व्हॅन घेताना तर हे पहिलं बघायचं, पेंट, सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम सगळं नंतर. चेक इंजिनची लाईट चावी ऑनला लागत नाही आणि मालक म्हणतो "एकदम मक्खन गाडी आहे", तर हात जोडा आणि निघा.

आता लाल लाईट. तेलाच्या कॅनचं चित्र, नळीच्या टोकाला थेंब, ही ऑइल प्रेशरची लाईट. लोकांना वाटतं ऑइल कमी झालं की लागते, पण ती प्रेशर बघते, लेव्हल नाही. लेव्हल बरोबर असूनही ऑइल पंप गेला, स्ट्रेनर (ऑइलची जाळी) चोकअप झाला किंवा ऑइल डिझेल मिसळून पातळ झालं तरी लागते. ही लागली की पुढचा ढाबा, पुढचा पंप वगैरे काही नाही, डावीकडे घ्या आणि इंजिन बंद. थोडं थांबून, गाडी सपाट जागेवर असेल तर डिपस्टिक (ऑइलची लेव्हल बघायची पट्टी) बघा. कमी असेल तर टॉप-अप करून बघता येतं, पण लेव्हल बरोबर असून लाईट विझत नसेल तर टोचनच करायचं, टोचनचे पैसे इंजिनच्या कामापुढे काहीच नाहीत. अजून एक, घाटात वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ही लाईट क्षणभर चमकून विझली तर बऱ्याचदा ऑइल एवढं कमी असतं की चेंबरमध्ये एका बाजूला गेल्यावर पंपाला हवा लागते. विझली म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी लेव्हल बघा.

बॅटरीची लाल लाईट लागली की लोक बॅटरीवाल्याकडे पळतात, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. चालत्या गाडीत ती लागली तर बहुतेक वेळा डायनमो चार्जिंग करत नाहीये, आणि त्याचं एक कारण म्हणजे पट्टा तुटलाय. बॉनेट उघडून आधी पट्टा जागेवर आहे का ते बघा (इंजिन बंद करून, हात आत घालायची घाई नको). पट्टा शाबूत असेल तर एसी, म्युझिक, जादाचे दिवे बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. पट्टा तुटला असेल तर प्रकरण वेगळं, कारण पुष्कळ गाड्यांत त्याच पट्ट्यावर वॉटर पंप फिरतो म्हणजे पाच-दहा मिनिटांत टेंपरेचर चढणार, आणि जुन्या बऱ्याच डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्युम पंप (ब्रेक दाबायला हलका करतो तो) डायनमोच्याच पाठीला बसवलेला असतो, म्हणजे डायनमो थांबला की दोन-चार दाबांत ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक. बॅटरीची लाईट आणि कडक ब्रेक, हे दोन्ही एकदम आलं तर गाडी पुढे न्यायचीच नाही. जाता जाता सांगतो, डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे महाभाग अजून आहेत, तिथेही हाच व्हॅक्युम जातो.

टेंपरेचरची लाल लाईट किंवा काटा वर. खंबाटकी, बोरघाट, माळशेज, उन्हाळा, भरलेली गाडी आणि एसी चालू, म्हणजे हे ठरलेलं. काटा चढताना दिसला की एसी बंद, हीटर फुल गरम आणि ब्लोअर फुल, प्रवासी शिव्या देतील पण इंजिनची उष्णता बाहेर पडते. मग बाजूला घ्या. वाफ नसेल तर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा, वाफ येत असेल किंवा कूलंट खाली सांडत असेल तर लगेच बंद. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, फडकं धरूनही नाही, आतलं पाणी प्रेशरखाली असतं आणि झाकण सैल झालं की तोंडावर येतं. अर्धा-पाऊण तास थांबा. आणि तापलेल्या इंजिनवर बिसलरीचं थंड पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

गोलात उद्गारचिन्ह ती ब्रेकची लाईट. हँडब्रेक खाली केला का बघा, बऱ्याचदा तेवढंच असतं. हँडब्रेक खाली असूनही घाट उतरताना लाईट लागते-विझते असं होत असेल तर ब्रेक ऑइल मिनिममच्या काठावर आलंय. आणि ते नुसतं भरून मोकळं व्हायचं नाही, लायनर-पॅड झिजले की ऑइलची पातळी आपोआप उतरते, त्यामुळे आधी पॅड बघा, मग चाकांच्या आतल्या बाजूला ओल आहे का बघा. एबीएसची पिवळी एकटी लागली असेल तर साधा ब्रेक लागतो, ओल्या रस्त्यावर अंतर ठेवून घरी जा. लाल ब्रेक आणि पिवळी एबीएस दोन्ही एकदम लागल्या तर जागेवर थांबा.

पिवळ्या लाईटमधली स्प्रिंगसारखी दिसते ती ग्लो प्लगची, आपल्याकडे मिस्त्री तिला हीटरची लाईट म्हणतात. मुंबई-कोकणात ती लगेच विझते, नाशिक-महाबळेश्वरला थंडीत जरा जास्त वेळ राहते, विझेपर्यंत सेल्फ मारू नका, बस एवढंच.

डिझेल फिल्टरमध्ये पाणी आल्याची लाईट मात्र पावसाळ्यात नीट ओळखायला शिका, चित्रात फिल्टर आणि खाली थेंब असतात. टाकी कायम पाव भरलेली ठेवली की आत दव धरतं, किंवा पंपावरूनच पाणी येतं. फिल्टरच्या बुडाला ड्रेनचा स्क्रू असतो, इंजिन बंद करून खाली पारदर्शक बाटली धरा, स्क्रू सैल करा, नुसतं डिझेल यायला लागलं की घट्ट करा. बाटली थोडा वेळ तशीच ठेवा, डिझेल हलकं असल्यामुळे पाणी खाली बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. मग हँड पंप असेल तर तो कडक होईपर्यंत मारून हवा काढा. पण इंजेक्टरकडे जाणारे जाड लोखंडी पाईप चालू इंजिनवर सैल करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, कॉमन रेलमध्ये (सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या नळीत) प्रेशर हजार बारच्या वर जातं, ती धार कातडीतून आत घुसते.

आता बीएस सिक्सची, म्हणजे धुराच्या नव्या नियमांची डोकेदुखी. १ एप्रिल २०२० पासूनच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या लाईनीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, आणि बऱ्याच गाड्यांत डीईएफची, म्हणजे धूर स्वच्छ करायला लागणाऱ्या युरियाच्या पाण्याची, वेगळी टाकी. डीपीएफमध्ये काजळी साठली की गाडी स्वतःच ती जाळते, त्याला रीजनरेशन म्हणतात, आतलं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास जातं. त्यासाठी गाडी सलग पळायला लागते. शाळेची व्हॅन दिवसभर कोथरूड ते कर्वेनगर करते, दर दोन मिनिटांनी थांबते, मग जळणार कधी? डीपीएफची लाईट लागली की हायवेला घ्या, ५०-६० च्या वर सलग वीसेक मिनिटं, गिअर एक खाली ठेवून चालवा, बहुतेक वेळा विझते. आयडल आरपीएम जरा वाढलाय, फॅन जोरात फिरतोय, जळका वास येतोय, तर रीजन चालू आहे, मध्येच बंद करू नका आणि सुक्या गवतावर उभी करू नका. रीजन वारंवार अर्धवट सुटलं की जादाचं डिझेल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद नको, बदलायचं. लाईटकडे दुर्लक्ष केलं तर मग चेक इंजिन, मग पिकअप जातो, आणि शेवटी स्कॅनर लावून रीजन करायला शोरूम. डीपीएफ कापून टाकणारे मिस्त्री मिळतात, त्यांच्या नादी लागू नका, ते बेकायदा आहे आणि सेन्सर परत लाईट लावतोच.

डीईएफला आपले ड्रायव्हर सरळ युरिया म्हणतात आणि तिथेच काही जणांचं डोकं चालतं, की घरी खताचा युरिया आहे, पाण्यात कालवू. डीईएफमध्ये ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षार काढलेलं पाणी असतं. शेतीचा युरिया सबसिडीचा आणि वर नीम कोटेड, तो टाकला की इंजेक्टर आणि कॅटॅलिस्ट खराब, नुकसान हजारोंत नाही लाखांत जाऊ शकतं, आणि सबसिडीचं खत असं वापरणं गुन्हा आहे ते वेगळंच. डिझेलच्या साधारण ३ ते ५ टक्के डीईएफ लागतं, त्यामुळे लाईट लागली की त्याच आठवड्यात भरा, पुष्कळ गाड्यांत टाकी रिकामी झाली की आधी पॉवर कमी होते आणि एकदा बंद केल्यावर परत चालूच होत नाही. पंपावरच्या पोऱ्याने चुकून डीईएफ डिझेलच्या टाकीत ओतलं तर चावी ऑनसुद्धा करू नका, ढकलत बाजूला घ्या आणि टाकी उतरवा.

राहिली चेक इंजिन, पिवळी. सलग पेटलेली आणि पिकअप नीट, तर एक-दोन दिवसांत दाखवा. ब्लिंक करत असेल किंवा गाडी दम टाकत असेल तर हळू चालवत जवळच्या गॅरेजला. ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा) घेऊन ठेवा, स्टेअरिंगखालच्या पोर्टला लागतो, मोबाईलवर कोड दिसतो. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) पुरेसा फ्लो नाही, बऱ्याचदा काजळीने वॉल्व्ह जाम. पी०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी, टर्बो बदलायच्या आधी होज पाईप फाटलाय का आणि क्लॅम्प सैल आहे का बघा. पी२४६३ म्हणजे डीपीएफमध्ये काजळी जास्त. पी००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचं प्रेशर कमी, इथे मिस्त्री थेट पंप-इंजेक्टरचा आकडा सांगतो, त्याला म्हणा आधी डिझेल फिल्टर बदल, लाईनीत हवा घेते का बघ, मग बोलू. आणि कोड पुसायच्या आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा, बॅटरीची टर्मिनल काढून लाईट घालवणाऱ्याकडे तर गाडी देऊच नका, पुसलेला कोड परत यायला वेळ लागतो आणि तोवर पुढचा मिस्त्री अंदाजाने पार्ट बदलत बसतो.