अ‍ॅलेक्स रायडर वाचायला घेताय? मग असं वाचा

घरात बारा-तेरा वर्षांचं पोर असेल आणि पुस्तकाला हात लावत नसेल तर अँथनी हॉरोविट्झचं ‘स्टॉर्मब्रेकर’ हातात द्या, 2000 सालचं आहे, लंडनमधला 14 वर्षांचा शाळकरी अ‍ॅलेक्स आणि त्याला कामाला जुंपणारी एमआय सिक्स ही ब्रिटिश गुप्तहेर संस्था.

पहिली काही पानं मात्र घाईत उरकू नका. काका कार अपघातात गेला, सीट बेल्ट लावला नव्हता असं पोलीस सांगतात आणि अ‍ॅलेक्स तिथेच अडतो, कारण काका बेल्ट लावल्याशिवाय गाडी सुरूच करायचा नाही, यालाही लावायला लावायचा. मग हा पोरगा गाडी शोधत भंगारात पोचतो आणि बघतो तर गोळ्यांची भोकं! इथे पुस्तक मिटून पोराला विचारा, तू काय केलं असतंस? माझा भाचा अर्धा तास बोलत होता हो.

पुढे याच मालिकेतली ‘पॉइंट ब्लँक’, ‘स्केलेटन की’, ‘ईगल स्ट्राइक’, ‘स्कॉर्पिया’ याच क्रमाने घ्या. ‘ईगल स्ट्राइक’च्या शेवटी वडिलांबद्दल जे कळतं त्यावरच ‘स्कॉर्पिया’ उभं आहे, उलटं वाचलं तर सगळी मजा गेली. ‘रशियन रुलेट’ 2013 चं, मालिकेतल्या यासेन या भाडोत्री मारेकऱ्याची गोष्ट, ते नंतरचं ‘स्कॉर्पिया रायझिंग’ झाल्यावरच.

इंग्रजी अवघड वाटलं तर रोज एक चॅप्टर तुम्ही मोठ्याने वाचा, पुढचा पोराला वाचू दे. आणि ‘स्कॉर्पिया रायझिंग’ आधी स्वतः वाचून घ्या, शेवट खरंच जड आहे, त्या दिवशी पोराजवळ बसा.