जाहीर नोटिशीतून कथा कशी काढायची

विषय सुचत नसेल तर महिनाभर वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा वाचा. पहिल्या पानावरच्या बातमीत लेखकासाठी फारसं काही उरलेलं नसतं, कारण काय झालं आणि का झालं हे बातमीदाराने सांगून टाकलेलं असतं. नोटिशीत मात्र भांडणाचा फक्त निकाल छापतात. 'मुलगा आमच्या सांगण्याबाहेर असून त्याच्याशी कोणीही व्यवहार करू नये.' 'सदर मिळकतीवर कोणाचा हक्क, बोजा असल्यास 14 दिवसांच्या आत लेखी कळवावे.' इथवर गोष्ट कशी आली, ते तुम्हाला शोधायचं आहे.

गावाकडची सामग्री हवी असेल तर महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावनिहाय फेरफाराच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीतल्या बदलांच्या, नोटिसा दिसतात. वारसनोंद, वाटणी, हक्कसोड (मिळकतीतला आपला वाटा सोडून देणं), खरेदी असे नोंदीचे प्रकार तिथे भेटतात.

एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर कात्रण चिकटवा, उजव्या पानावर तीनच प्रश्नांची उत्तरं लिहा: हे कोणाला हवं होतं? यात कोणाचं काय गेलं? आणि हे आत्ताच का, पाच वर्षांपूर्वी का नाही? तिसरं उत्तर सापडेपर्यंत कथा सुरू करू नका. नुसती परिस्थिती हाताशी असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या पानावर लेखन अडतं, ते बहुधा याच कारणाने.

समजा, हाती लागली ती बहिणीच्या हक्कसोडपत्राची नोंद. तीन हजार शब्दांच्या कथेत तीस वर्षांचा इतिहास मांडू नका. अशा दस्ताची नोंदणी होते त्या दुय्यम निबंधक कार्यालयातले दोन तास घ्या. तिथे काय घडतं ते आधी स्वतः जाऊन बघा: टोकन, आधारच्या झेरॉक्स, ओळख पटवणारे दोन साक्षीदार, कॅमेऱ्यासमोर बसून काढलेला फोटो, यंत्रावर टेकवलेला अंगठा. एवढे तपशील हाताशी असले की वातावरणाचं वेगळं वर्णन लागत नाही. कथेचा काळही नक्की करा. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. 1980 मधली बहीण आजच्या बहिणीच्या जोरावर बोलणार नाही.

संवादात जमिनीचा विषय शक्यतो येऊ देऊ नका. भाऊ विचारेल, 'जेवून निघालीस का गं?' बहीण म्हणेल, 'वहिनी नाही आल्या?' दोघांनाही खरा विषय माहीत आहे, वाचकालाही कळलेला आहे. तो तोंडी आला की ताण तिथेच संपतो. म्हणून तो कथेत एकदाच येऊ द्या, तोही शेवटाच्या जवळ.

सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे: बहीण बिचारी होते आणि भाऊ खलनायक. मग वाचकाला पहिल्या पानावरच बाजू कळते आणि पुढे वाचायचं कारण उरत नाही. भावाला खरंखुरं कारण द्या. आईच्या आजारपणासाठी काढलेलं कर्ज त्यानेच फेडलं असेल. बहिणीलाही थोडा स्वार्थ द्या. माहेर तुटू नये म्हणून ती सही करत असेल, तर त्या माहेराकडून तिला नेमकं काय हवंय? मुलीच्या लग्नात मामा उभा राहायला हवा, इतकं ठोस उत्तर हवं.

बोलीचं भान ठेवा. कोल्हापूरकडची बाई 'मी येतो' म्हणेल, वऱ्हाडातला माणूस 'काय करून राहिला' असं विचारेल. दोन्हींची सरमिसळ झाली की त्या भागातला वाचक लगेच दुरावतो. बोली कानात नसेल तर साधी प्रमाण मराठी वापरा, ती जास्त प्रामाणिक वाटते.

पहिला खर्डा झाला की सुरुवातीचे तीनशे शब्द झाकून वाचा. कथा तरीही समजली तर ते काढून टाका. पूर्वपीठिका बहुतेक वेळा तिथेच साठलेली असते. मग पंधरा दिवस हात लावू नका. त्यानंतर मोठ्याने वाचा; जीभ अडखळेल तिथलं वाक्य तोडा.

दिवाळी अंकांसाठी साहित्य साधारण जून ते ऑगस्टमध्ये मागवलं जातं, तेव्हा खर्डा मे महिन्यात तयार हवा. आणि कथा पाठवण्याआधी मूळ कात्रण समोर ठेवून नाव, गाव, गट नंबर आणि व्यवसाय, चारही बदललेत याची खात्री करा. नोटीस जाहीर असली तरी ती माणसं खरी आहेत आणि त्यांचं भांडण अजून मिटलेलं नसेल.