गोचिडांवर संशोधन करायचंय, तर आधी गोठ्यात जा

प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. करणारी नाशिकची मुलं मला विचारतात, 'संसर्गजन्य रोगांवर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?' बहुतेकांच्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा आणि पीसीआरचं यंत्र असतं. मी त्यांना आधी सिन्नर-निफाडकडच्या एखाद्या गोठ्यात जायला सांगते.

कारण या क्षेत्रात पहिला प्रश्न असतो, हा गोचीड कोणता? इथे मुख्यतः दोन प्रकार पाहायचे, हायलोमा आणि ऱ्हिपिसेफॅलस. हायलोमाचं तोंड लांब, पायांवर फिकट पट्टे. ऱ्हिपिसेफॅलसचं तोंड आखूड. भिंगाखाली हा फरक पाहायला डोळा बसावा लागतो, आणि त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. गायींवरचा ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस पिल्लू असल्यापासून रक्त पिऊन टम्म होईपर्यंत एकाच जनावरावर राहतो आणि बबेसिया या रक्तातल्या परजीवीचे जंतू अंड्यांतून पुढच्या पिढीला देतो. गोचीड ताप, म्हणजे थायलेरियासिस, पसरवणाऱ्या हायलोमाची गोष्ट वेगळी. त्याच्या अंड्यांतून या तापाचे जंतू जात नाहीत. लहान अवस्थेत आजारी जनावराचं रक्त प्यायलेला गोचीड खाली उतरतो, भिंतीच्या फटीत कात टाकतो आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला रोग देतो. म्हणून नुसती गाय फवारून भागत नाही, गोठ्याच्या फटीही बुजवाव्या लागतात. गोचीड ओळखता आला नाही, तर शेतकऱ्याला सल्ला कशाच्या जोरावर देणार?

मला तर वाटतं, या अभ्यासासाठी आपल्या जिल्ह्यासारखी जागा नाही. निफाड-सिन्नरकडे होल्स्टीनच्या संकरित गायी, इगतपुरीकडे देशी डांगी. गोचीड तापाने संकरित जनावरं फार बेजार होतात, देशी त्या मानाने तग धरतात. हे का, या प्रश्नात एका पीएच.डी.हून जास्त काम आहे.

गोळा करण्याची रीत साधी आहे. कानात, कासेवर, शेपटीच्या बुडाशी पाहा. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीलगत धरा आणि सरळ वर ओढा, म्हणजे तोंड आत तुटत नाही. कुपीत ७० टक्के इथेनॉल. चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहायची, शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठीवर गाव, तारीख, जनावर आणि अंगावरची जागा हवीच. त्याशिवाय तो नमुना कामाचा नाही.

हातमोजे घाला आणि नखावर गोचीड फोडू नका. हे मी दरवेळी आवर्जून सांगते, कारण गावात ती सवय सर्रास आहे. भारतात क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाची पहिली खात्री २०११ मध्ये गुजरातेत झाली. या तापाचा विषाणूही हायलोमाच वाहून नेतो आणि गोचीड चिरडताना त्याचा संसर्ग होऊ शकतो. त्या वेळी रुग्णाबरोबर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिकाही दगावल्या. जंगलातला क्यासनूर ताप म्हणजे माकडताप, तोही गोचिडांचाच. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोग्याकडे माकडं मरू लागली, तेव्हा पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्याचा छडा लावला. हेच केंद्र आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. २०१६ मध्ये हा ताप आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गातही आला.

शिक्षणाचे रस्ते दोन-तीन आहेत. जनावरांची आवड असेल तर पशुवैद्यकीय पदवी घ्या. प्रवेश नीट परीक्षेच्या गुणांवर. विज्ञान शाखेतून येणाऱ्यांना पुण्याच्या याच संस्थेत विषाणुशास्त्रात एम.एस्सी. करता येते. कीटक आणि गोचीड हाच जीव की प्राण असेल, तर पुदुच्चेरीचं वेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटर, म्हणजे रोगवाहक कीटकांवर काम करणारं केंद्र आहे, तिथे सार्वजनिक आरोग्य कीटकशास्त्राचं एम.एस्सी. आहे. नेट ही परीक्षा देऊन फेलोशिप मिळवा, म्हणजे पीएच.डी.च्या काळात घरी हात पसरावा लागत नाही. पदवी कोणतीही घ्या, संख्याशास्त्र मात्र मनापासून शिका. नमुने कुठून आणि किती घ्यायचे, हे गोठ्यात जाण्याआधीच ठरवावं लागतं.

आणि गुराख्यांशी बोला. कुठल्या रानातून आल्यावर जनावरं गोचिडांनी भरतात, कुठल्या महिन्यात दूध आटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. 'काका, कुठल्या गाईला जास्त लागतात?' एवढं विचारा, वही काढून शांतपणे ऐका, आणि तपासणीचा निकाल आला की तो सांगायला त्याच गोठ्यात परत जा. पुढच्या वेळी ते स्वतःहून गाय धरून उभे राहतात.