तिसरा पेपर झाला की सिनॉप्सिसचा विषय काढा

नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा) झाली आहे, पीएचडीला गाईड मिळाले आहेत, कोर्सवर्क (सुरुवातीचे अभ्यासाचे विषय) आणि आरएसी (दर सत्राला प्रगती तपासणारी सल्लागार समिती) काय असते हे तुम्हाला ठाऊक आहे, असं धरून चालते आणि थेट माझं जिथे चुकलं तिथे येते.

मी २०१२ साली सेंद्रिय रसायनशास्त्रात पीएचडीची नोंदणी केली. जेआरएफ (नेटमधून मिळणारी संशोधन फेलोशिप) होती. २०१६ सरता सरता तीन पेपर छापून आले होते आणि थिसिसपुरतं काम हातात होतं. गाईड म्हणाले, "अजून एक चांगला पेपर होऊ दे, मग सिनॉप्सिस," म्हणजे थिसिसआधी द्यायचा त्याचा सारांश. तो झाला, तर त्याच्यातून पाचवा निघाला. मधल्या काळात २०१७ मध्ये फेलोशिपची पाच वर्षं संपली. पुढचं दीड वर्ष मी दिवसभर लॅबमध्ये कॉलम (मिश्रणातून पदार्थ वेगळा करून शुद्ध करायची नळी) लावले आणि संध्याकाळी क्लासमध्ये बारावीची केमिस्ट्री शिकवून खोलीचं भाडं भरलं. थिसिस सबमिट झाला जानेवारी २०१९ मध्ये. पाच पेपर आहेत, आता आपल्याला कोण नाकारणार, असं मला अगदी मनापासून वाटत होतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमावलीत एक तक्ता आहे. कॉलेजातल्या सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला कोणाला बोलवायचं, हे त्यातल्या १०० गुणांवर ठरतं. पीएचडीला २५, जेआरएफसह नेटला १०. शोधनिबंधाला प्रत्येकी २, पण जास्तीत जास्त ६. म्हणजे तिसऱ्या पेपरलाच तो रकाना भरला. शिकवण्याच्या किंवा पोस्टडॉकच्या (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या) अनुभवाला दर वर्षी २, कमाल १०. आणि त्याच नियमावलीत एक कलम आहे, जे मी पीएचडी हातात पडेपर्यंत वाचलंच नव्हतं: पीएचडी मिळवण्यात गेलेला काळ नेमणुकीसाठी अनुभव म्हणून धरला जात नाही. नोकरीत राहून, कसलीही रजा न घेता, शिकवता शिकवता पीएचडी केली असेल तरच तो काळ शिकवण्याचा अनुभव म्हणून मोजतात. पूर्णवेळ फेलोशिपवाल्यांना शून्य.

हे आणखी एकदा सांगते, कारण मला कोणीच सांगितलं नव्हतं. माझा चौथा आणि पाचवा पेपर, दोन वर्षांचं काम, त्या तक्त्यात शून्य गुण. एमएस्सीच्या मुलांची मी तीन वर्षं प्रॅक्टिकल्स घेतली, तेही शून्य. तीच दोन वर्षं डिग्री घेऊन कुठेही पोस्टडॉक केलं असतं, तर ४ गुण मिळाले असते. पुढे एका कॉलेजच्या मुलाखतीच्या यादीतून माझं नाव २ गुणांनी गेलं. या गुणांचं काम यादीपुरतंच असतं, निवड मुलाखतीवर होते. पण त्या खोलीत शिरायला तर मिळालं पाहिजे!

घाबरू नका. पाचवा पेपर वाया जातोच असं नाही. विद्यापीठाच्या विभागातल्या जागेसाठी तक्ता वेगळा आहे, तिथे शोधनिबंधांना १० गुणांपर्यंत जागा आहे. पोस्टडॉकसाठी अर्ज कराल तेव्हा तर तक्ता नसतोच, काम वाचलं जातं. म्हणून आपल्याला जायचं कुठे आहे, हे दुसऱ्या वर्षीच स्वतःला विचारा. मी सहाव्या वर्षापर्यंत तो प्रश्न गाईडवर सोपवून ठेवला होता.

तिसरी वाट कंपनीची, मी आज तिथेच आहे. माझ्या पहिल्या मुलाखतीत पेपर किती, हे कोणी विचारलं नाही. विचारलं ते असं: "सगळ्यात मोठी बॅच किती ग्रॅमची केली? कॉलम न लावता शुद्ध करता येईल का?" मी सगळं आयुष्य मिलिग्रॅममध्ये काढलेलं. कारखान्यात कॉलम कोणालाच नको असतो. सॉल्व्हंट वाया जातो, वेळ जातो, त्यापेक्षा स्फटिकीकरण साधलं तर सोनं. पीएचडीत असतानाच एखादी रिअॅक्शन पन्नास ग्रॅमवर, सीनिअर सोबत असताना, करून बघा. उष्णता कशी चढते, ढवळणं कसं कमी पडतं, ते छोट्या फ्लास्कमध्ये कळत नाही. ही माहिती मला नोकरीत दोन वर्षं घालवून मिळाली.

गाईडबद्दल स्पष्ट बोलते. माझे गाईड वाईट नव्हते. पण चौथ्या-पाचव्या वर्षाचा विद्यार्थी हा लॅबमधला सगळ्यात तयार हात असतो, आणि तयार हात सोडवत नाही. म्हणून नाव, पुरस्कार बघण्याआधी त्या लॅबमधल्या सीनिअर्सना चहाला न्या आणि दोनच गोष्टी विचारा: आधीच्या विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली, आणि ते आज कुठे आहेत? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर गाईडना स्वतःला देता येत नसेल, तर माझ्या मते तिथे जाऊ नका. आणि पैसे भरून आठवड्यात पेपर छापून देणाऱ्या जर्नल्सच्या वाटेला जाऊ नका. ६ गुणांसाठी ते नाव जन्मभर बायोडेटात राहतं.

आता नियम तुमच्या बाजूचे आहेत, हे खरं सांगते. २०२२ च्या नियमावलीनुसार थिसिस देण्याआधी पेपर छापलेला असलाच पाहिजे, अशी यूजीसीची सक्ती नाही. स्वतःच्या विद्यापीठाचा अध्यादेश मात्र वाचा, तिथे अट असू शकते. मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं, त्यावर दोन वर्षांची वाढ मिळू शकते. मुलींना आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा. घरच्यांनी "आता पुरे" म्हटलं तर हे आकडे त्यांच्यासमोर ठेवा. सवलत आहे म्हणून लांबवू मात्र नका. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७,००० आणि एसआरएफ (तिचीच पुढची पायरी) महिना ४२,००० रुपये झाली, पण ती पाच वर्षांनी थांबतेच.

आणि हे या सत्रातच करा. आरएसीपुढे दर सत्राला जावं लागतं. प्रगती अहवालाच्या शेवटी एक ओळ लिहा: "सिनॉप्सिस अपेक्षित", पुढे महिना आणि वर्ष. समितीच्या सह्या झाल्या की त्या कागदाची प्रत स्वतःकडे ठेवा. "अजून एक पेपर" असं कोणी म्हणालं, तर वाद घालू नका, ती प्रत टेबलावर ठेवा आणि विचारा, "सर, मग ही तारीख कोणती करायची?"